डिस्क मेली नव्हती

एका सकाळी कॉम्प्युटर सुरू केला तर डी ड्राइव्ह गायब. सी दिसतोय, विंडोज नीट चालतंय, पण ४ टीबीची हार्ड डिस्क नावालाही नाही. रीस्टार्ट केलं, डिस्क मॅनेजमेंट, म्हणजे जोडलेल्या डिस्कची विंडोजमधली यादी, उघडून पाहिली, तिथेही नाही. घरचे सगळे फोटो, स्कॅन केलेली कागदपत्रं, वडिलांच्या आवाजातली काही रेकॉर्डिंग, सगळं तिच्यावर. बॅकअप? असता तर हे लिहायची वेळ आली नसती.

आदल्याच रात्री मी स्वतः मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डवर, एक एम.२ एसएसडी (पट्टीसारखी, थेट बोर्डावरच्या खाचेत बसणारी वेगवान डिस्क) बसवली होती. या दोन गोष्टींचा संबंध असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ओळखीतून नंबर मिळालेल्या टेक्निशियनला बोलावलं. त्याने कॅबिनेट उघडताच "अरे वा, नवीन एसएसडी टाकलीत का सर" असं म्हटलं. म्हणजे त्याच्या ती लक्षात आली होती. हे वाक्य मला आजही छळतं.

मग त्याने बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डचा प्रोग्राम, उघडून डिस्कची यादी दाखवली. "बघा, बायोसमध्येच नाव येत नाही. डिस्क डेड आहे."

इथे मी फसलो, कारण यातलं अर्धं खरं आहे. बायोसमध्ये डिस्क दिसते आणि विंडोजमध्ये दिसत नाही, तर दोष बहुधा ड्राइव्ह लेटरचा किंवा पार्टिशनचा असतो. बायोसमध्येच दिसत नसेल तर डिस्क गेलेली असू शकते, पण पॉवरची वायर सैल असू शकते, डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल खराब असू शकते किंवा ती केबल जिथे लावतात तो बोर्डावरचा पोर्टच बंद असू शकतो. यातलं काहीही त्याने तपासलं नाही. मी डिस्कवर हात ठेवून म्हटलं, "अहो, ही फिरतेय की." उत्तर तयार होतं: "फिरते सर, पण आतला बोर्ड गेलाय."

बॅगेतून त्याने दुसरी डिस्क काढली. चंदेरी पिशवीत होती, खोका नव्हता. ती त्याने वेगळ्या पोर्टला जोडली. मी बघत होतो, अर्थ मात्र कळला नाही. डिस्क लगेच दिसली आणि मी वर आभार मानले! जुनी डिस्क "वॉरंटीत जमा करतो, डेटा निघाला तर कळवतो" म्हणून तो मागू लागला, ती मी माझ्या हाताने दिली.

दोन महिन्यांनी फाइल कॉपी करताना ही 'नवी' डिस्क अडखळायला लागली. क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम टाकून पाहिलं तर पॉवर ऑन अवर्स, म्हणजे डिस्क आजवर चाललेले तास, २६,०००च्या वर. वर्षाचे तास होतात ८,७६०. म्हणजे जवळजवळ तीन वर्षं अखंड चाललेली डिस्क, त्यातले माझे फार तर दोन-तीनशे तास. बिलावर फक्त 'हार्ड डिस्क बदलली' एवढंच, सीरियल नंबर नाही. तक्रार करायची तर कशाच्या जोरावर?

मग मदरबोर्डचं मॅन्युअल वाचलं. माझ्या बोर्डवर एम.२च्या त्या स्लॉटमध्ये एसएसडी बसवली की साटाचा ५ नंबरचा पोर्ट बंद होतो. अनेक बोर्डांवर असं असतं, फक्त पोर्टचा नंबर वेगळा. माझी जुनी डिस्क पाचलाच होती. मशीन बंद करून, प्लग काढून नवी डिस्क पाचला लावली: गायब. तीनला लावली: हजर. विश्वास बसेना म्हणून तीनदा करून पाहिलं. केबल एका पोर्टवरून दुसऱ्यावर, एवढंच काम होतं.

त्याला फोन केला. "ती कंपनीत गेली सर, स्क्रॅप झाली." जुनं बिल शोधलं तर वॉरंटी केव्हाच संपलेली, मग जमा कुठे केली? त्यानंतर त्याने फोन उचलला नाही.

तुमची डिस्क अशी गायब झाली तर आधी पोर्ट आणि केबल बदलून बघा, आणि डिस्क गायब होण्याआधी काय बदललं होतं ते आठवा. समजा ती परत दिसली आणि विंडोजने इनिशियलाइझ किंवा फॉरमॅट करू का विचारलं, तर डेटा हवा असेपर्यंत हो म्हणू नका. खरंच मेली असली तरी घराबाहेर जाऊ देऊ नका, डेटा काढायचा तर तीच लागते. नवी म्हणून दिलेली डिस्क असेल तर तिचे तास समोरच बघा आणि सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या.

माझे पासवर्ड मी बदलले, कारण त्यांची एक फाइलही त्या डिस्कवर होती. बरेचसे फोटो बहिणीच्या फोनमध्ये सापडले. वडिलांची रेकॉर्डिंग फक्त त्या डिस्कवरच होती.