स्वस्तातली कार्बन चाकं आणि पसरणीचा घाट

रिम ब्रेकची, म्हणजे चाकाच्या कडेवरच (रिमवर) पॅड दाबून थांबणारी रोड बाइक (रेसिंगची सायकल) चालवणाऱ्या आणि सेकंडहँड कार्बन फायबरच्या चाकांच्या शोधात असलेल्या प्रत्येकाने हे वाचावं. माझे ३२ हजार गेले. जीव वाचला म्हणून लिहितोय.

ही चाकं आता इतकी स्वस्त का मिळतात, ते आधी लक्षात घ्या. २०१८ मध्ये यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, रोड रेसिंगला डिस्क ब्रेक कायमचे खुले केले. यात पॅड रिमवर नाही, तर चाकाच्या मध्यभागी, हबवर लावलेल्या चकतीवर, म्हणजे रोटरवर दाबतात. २०२० ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या पोगाचारच्या सायकलला तेव्हाही हलके म्हणून रिम ब्रेकच होते, पण २०२२ साली शिमानो कंपनीचा १२ स्पीडचा '१०५' हा गिअर-ब्रेकचा संच आला तो फक्त डिस्कसाठी. लोक डिस्ककडे वळले. जुनी चाकं नव्या सायकलला बसत नाहीत, कारण हबवर रोटर लावायची सोयच नसते आणि अ‍ॅक्सलही वेगळा असतो. मग ती विकायला निघतात. यात गैर काही नाही. पण डिस्कमध्ये झिजतो तो रोटर, तो बदलता येतो. रिम ब्रेकमध्ये झिजते ती चाकाची रिमच. म्हणजे जुनं चाक घेताना आपण दुसऱ्याने वापरलेला ब्रेकच विकत घेत असतो. माझ्या हे लक्षातच आलं नाही.

विकणारा बोलायला अतिशय गोड. "सर, दोनच रेस मारल्यात, बाकी वेळ भिंतीला टांगलेली होती." वजन सांगितलं १४५० ग्रॅम. रिम आरशासारखी चकचकीत. सोबत "खास कार्बनचे" म्हणून ब्रेक पॅडही दिले. मी यूपीआयने पैसे पाठवले, बिल मागितलं नाही. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक चाक ठेवलं, तर जोडीचं वजन १७२० भरलं. त्याच क्षणी परत करायला हवी होती. "काटा जुना असेल सर," हे त्याचं उत्तर मी मानलं.

पहिल्याच दिवशी ब्रेक किंचाळायला लागले. फोन केला तर म्हणाला, पॅड नवे आहेत, बसतील.

रविवारी पाचगणीहून वाईकडे उतरत होतो. पसरणीचा घाट म्हणजे वळणावर वळण, पुढे एसटी, मागून गाड्या, त्यामुळे ब्रेक सतत दाबलेलाच राहतो. अर्ध्यावर मागचा ब्रेक धक्के द्यायला लागला, चाक फिरेल तसं ठक, ठक, ठक. करपल्यासारखा वास आला. कडेला घ्यावं असं ठरवेपर्यंत ट्यूब फुटली. मागचं चाक आडवं सरकलं आणि मी डोंगराच्या बाजूच्या गटारात पडलो. कोपर सोललं, हेल्मेटला तडा गेला. दरीच्या बाजूला गेलो असतो तर काय, हा विचार अजूनही झोप मोडतो.

पुण्यात आमच्या मेकॅनिकने रिम हातात घेतली आणि डोळे मिटून अंगठा कडेवरून फिरवला. एका जागी थांबला. "दादा, इथे हात लावा." चार बोटं लांबीचा फुगवटा होता. व्हर्नियरने मोजलं तर तिथली रुंदी बाकीच्यापेक्षा ०.८ मिलिमीटर जास्त. ब्रेक ट्रॅकवर, म्हणजे रिमच्या पॅड घासणाऱ्या पट्ट्यावर, थिनरचा बोळा फिरवला तसा लॅकर (चमकीचा थर) सुटून आला आणि खाली पॉलिशपेपरचे आडवेतिडवे ओरखडे दिसले. म्हणजे जळालेला ट्रॅक घासून वर चमक चढवली होती. मग त्याने सुईने पॅड उकरला, तर आत अ‍ॅल्युमिनियमचे चकाकणारे कण रुतलेले. कुठल्या तरी साध्या रिमवर वापरलेले जुने पॅड मला "खास" म्हणून दिले होते.

कार्बनला उष्णता नीट पसरवता येत नाही. अ‍ॅल्युमिनियमची रिम तापते आणि निवतेही. कार्बनमध्ये उष्णता ब्रेक ट्रॅकवरच साठते, कार्बनचे धागे धरून ठेवणारं आतलं रेझिन मऊ पडतं आणि टायरमधली हवा रिमच्या भिंती बाहेर ढकलते. म्हणून फुगवटा येतो. चुकीच्या पॅडने हे आणखी लवकर होतं. घेण्याआधी टायर काढायला लावा, दोन्ही कडा पूर्ण गोल बोटाने चाचपा, दहा-बारा जागी रुंदी मोजा, नाण्याने ठोकत जा. आवाज कुठेही बद्द झाला तर उठून निघून या. ब्रेक ट्रॅक चकचकीत असेल तर जास्तच संशय घ्या, वापरलेला ट्रॅक तसा नसतो.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. "तुम्ही चुकीचा ब्रेक मारला असेल" एवढं लिहून त्याने नंबर ब्लॉक केला. बिल नाही, चॅटमध्ये "कंडिशन नवीसारखी" एवढंच. पोलिसांना दाखवायलाही माझ्याकडे धड काही नव्हतं.

मी रिम ब्रेक सोडलेले नाहीत. सायकल हलकी राहते, चढाला बरं वाटतं, केबल घरी बदलता येते. पण घाटात आता अ‍ॅल्युमिनियमचीच रिम. पावसाळ्यात दर आठवड्याला घाट उतरणाऱ्याने डिस्कच घ्यावी, हे मी आता मोकळेपणाने सांगतो.

मेकॅनिककडे बसलेला एकजण म्हणाला, पुढचं चाक ठीक दिसतंय, कुणीही नऊ-दहा हजाराला घेईल. त्या चाकाचाही ट्रॅक तसाच घासलेला होता. मी तिथलीच हॅक्सॉ घेतली आणि दोन्ही रिम कापून टाकल्या.