हबेल ट्रेडिंग पोस्ट, गनाडो (ॲरिझोना): गालिचा आधी उलटा करून बघा

आम्ही येवल्याचे. कापड हातात आलं की आधी उलटं करून बघायचं, ही माझी लहानपणापासूनची खोड. वडील पैठणी विणायचे. ते म्हणायचे, पदरावरचा मोर समोरून कुणालाही फसवेल, मागून नाही फसवणार. हातमागाची पैठणी दोन्हीकडून सारखी दिसते, यंत्रमागाच्या नकलेला मागे दोरे लोंबतात. लग्नाच्या बस्त्यात मी आजवर तीन दुकानदारांची तोंडं वाकडी केली आहेत.

गेल्या वर्षी फीनिक्सला लेकीकडे आले, तर हॉलमध्ये लाल-काळा गालिचा. 'आई, नवाहो आहे,' जावई कौतुकाने म्हणाले. नवाहो ही इथली मूळ अमेरिकी जमात, विणकामासाठी नावाजलेली. हायवेवरच्या कुठल्याशा दुकानातून दीडशे डॉलरला आणलेला. मी चपला काढल्या, खाली बसले आणि कोपरा उलटला. शिवलेली फीत होती: मेड इन इंडिया. सगळे हसलो, पण जावयांचा चेहरा पडला. दुकानदाराने म्हणे 'नवाहो डिझाइन' असं सांगितलं होतं. इथे 1990 पासून कायदा आहे, परक्याचा माल मूळ अमेरिकी जमातींचा म्हणून विकणं गुन्हा आहे. पण 'डिझाइन' हा शब्द पुढे चिकटवला की विकणारा हात झटकून मोकळा. येवल्यात 'पैठणी टाइप' ऐकत मोठी झालेय मी, मला काय नवीन!

म्हणून या खेपेला हट्टच धरला की खरा गालिचा जिथे विकतात तिथे न्या, म्हणजे गनाडोच्या हबेल ट्रेडिंग पोस्टला, नवाहोंशी व्यापार करणाऱ्या जुन्या दुकानात. ऑक्टोबरमधला शनिवार धरून निघालो. फीनिक्सपासून गनाडो पाच तासांच्या आसपास, चेंबर्सला मोठा हायवे सोडायचा आणि उत्तरेकडे वळायचं. एक गोष्ट आधीच सांगते, कारण आम्हाला कुणी सांगितली नाही. ॲरिझोनात घड्याळ उन्हाळ्यात पुढे करत नाहीत, पण नवाहो नेशनमध्ये, म्हणजे नवाहोंच्या स्वतःच्या मुलखात, करतात. आम्ही साडेतीन समजून पोचलो, तिथे साडेचार वाजलेले. त्या दिवशी नुसतं डोकावलो, चिनलीला मुक्काम केला आणि सकाळी पुन्हा गेलो. बरंच झालं म्हणायचं, कारण सकाळी गर्दी नव्हती.

बाहेरून बघाल तर दगडाची बसकी, लांबोडकी इमारत, पाटी चुकली तर गोदाम समजून पुढे जाल. आवारात फिरायला तिकीट नाही. आत पाऊल टाकलं की लाकडी जमीन करकरते. पहिल्या खोलीला बुलपेन म्हणतात, म्हणजे बैलांचा कोंडवाडा. तिन्ही बाजूंनी छातीइतके उंच काउंटर, मधे शेगडी. गिऱ्हाईक खाली, शेठ वर. फळ्यांवर आजही पिठाच्या पिशव्या, डबे, कॉफी असं वाणसामान. आमच्याकडच्या जुन्या किराणा दुकानात शिरल्यासारखं वाटलं, फक्त वर छताला खोगिरं आणि लगाम टांगलेले.

जॉन लोरेंझो हबेल याने 1878 मध्ये ही जागा घेतली. 1967 मध्ये त्याच्या घरच्यांनी ती राष्ट्रीय उद्यान खात्याला विकली, पण दुकान बंद पडू दिलं नाही. संग्रहालय आहे आणि चालू दुकानही आहे, त्यामुळे काचेआडची वस्तू आणि विकायची वस्तू एकाच छपराखाली दिसते.

गालिच्यांची खोली वेगळी. घड्या घालून थप्प्या रचलेल्या, काही भिंतीवर. लोकरीचा वास येतो, मेंढीचा, स्वच्छ. भिंतींवर हाताएवढी रंगवलेली चित्रं लावली आहेत, गालिच्याच्याच नमुन्यांची. हबेल चित्रकारांकडून ती करून घ्यायचा आणि विणायला येणाऱ्या बायकांना दाखवायचा: असं आण. 'गनाडो' नावाची जी शैली आज सगळे ओळखतात (गडद लाल जमीन, मधे पायऱ्यापायऱ्यांचे मोठे चौकट-शंकरपाळे, करडा, काळा, पांढरा, भोवती काळा काठ) तिच्यात त्या बायकांचा हात आणि शेठची फर्माईश दोन्ही आहेत.

पण नवाहो बायका आधी गालिचा विणतच नव्हत्या, हे मला तिथेच कळलं. विणायच्या ते पांघरायचं ब्लँकेट, अंगावर घ्यायचं. आडव्या पट्ट्यांची ती 'चीफ' ब्लँकेटं इतकी घट्ट आणि मऊ असायची की दूरच्या मैदानी जमाती त्यांच्यासाठी घोडे आणि कातडी मोजायच्या. लाल रंग हवा म्हणून परदेशी लाल कापड विकत घ्यायचं, धागा धागा उसवायचा आणि पुन्हा विणायचा! मग 1864 मध्ये अमेरिकी फौजेने त्यांच्या फळबागा तोडल्या, मेंढ्या मारल्या आणि हजारो लोकांना पायी चालवत न्यू मेक्सिकोतल्या बोस्के रेडोंडोला नेऊन डांबलं. 1868 च्या करारानंतर परत सोडलं, करारात 15,000 शेळ्यामेंढ्या द्यायचं कबूल केलं. पुढे रेल्वे आली, गिरणीची स्वस्त ब्लँकेटं आली. अंगावरचं विणायची गरज संपली, तेव्हा व्यापारी म्हणाले, जाड विणा, पूर्वेकडच्या लोकांना जमिनीवर टाकायला हवंय. अंगावरून पायाखाली. हे वाचून मी थोडा वेळ खिडकीपाशी उभी राहिले.

व्यापारी या बायकांना रोख क्वचितच द्यायचे. पीठ, साखर, कॉफी, नाहीतर त्याच दुकानात चालणारी नाणी. कित्येक ठिकाणी ब्लँकेट तराजूत टाकून वजनावर घ्यायचे, मग काही बायका लोकरीत रेती तशीच ठेवायच्या. छान करायच्या! आमच्या आळीतही शेठ सूत द्यायचा, मजुरी उचल म्हणून आधीच दिलेली असायची, हिशेब कधी सुटायचा नाही. हबेल बऱ्यापैकी सचोटीचा होता असं सगळे सांगतात. असेलही. तो उंच काउंटर मात्र बघून या.

आता मालाकडे. मी एकेक गालिचा उलटा करायला लागले, जावई संकोचून बाहेर गेले. इथल्या माणसाला काही वाटलं नाही, उलट तो दुसरं टोक धरायला आला, कारण मोठे गालिचे एकट्याने उचलत नाहीत. उलटसुलट सारखेच. दोन रंग जिथे भेटतात तिथे बाणा (आडवा धागा) एकमेकांत अडकवून वळवलेला, अगदी पदरावर आम्ही करतो तसा. फरक असा की आमच्याकडे रेशीम आणि तिल्ल्या (धाग्याच्या छोट्या कांड्या), इथे लोकर आणि नुसती बोटं. आडवा धागा इकडून तिकडे नेणारा धोटा नाहीच. ताणा (उभा धागा) कुठेही दिसत नाही, बाणा त्याला पूर्ण झाकून टाकतो.

मग कडा बघितल्या. खऱ्या गालिच्याला सहसा झालर नसते. ताणा एकाच अखंड धाग्याचा, वर खाली फिरवून बांधलेला, कापायचा प्रश्नच येत नाही, म्हणून चारही बाजू बंद. कोपऱ्यांना तेवढे छोटे गोंडे. टोकाला कापलेल्या ताण्याची झालर दिसली, किंवा ताण्याची टोकं सुईने आत खुपसलेली दिसली, तर तो बहुतेक दुसऱ्या मागावरचा. घरातला आमचा 'इंडियन' तसाच होता.

एका लाल गालिच्यावर मला तिरकी, केसासारखी रेघ दिसली. मी म्हटलं, सापडला दोष. बाहेर व्हिजिटर सेंटरमध्ये त्या दिवशी एक बाई उभ्या मागापुढे बसून विणत होत्या, माझ्याच वयाच्या. लेकीला मधे घातलं आणि विचारलं. त्या हसल्या. हाताने दाखवलं: मी इथे बसते, हात पुरतो तेवढं विणते, वर चढवते, मग सरकते आणि बाजूचं विणते. जोड तिरका येतो, तीच ती रेघ. इंग्रजीत तिला आळशी रेघ म्हणतात. बसल्या जागी दहा बोटांनी लोकर ओढणाऱ्या बाईला आळशी म्हणणारा कोण शहाणा होता, त्याला मागावर बसवायला हवं.

मी त्यांच्या शेजारी अर्धा तास बसले. बाणा ओवला की लाकडी काट्याने ठोकायच्या, ठक ठक ठक, दोन ठोके जोरात, एक हलका. डोळे मिटले असते तर वडीलच. वर जागा कमी होत जाते तशी सगळी हत्यारं बारीक होतात. शेवटच्या दोन बोटं जागेत त्या छत्रीची काडी वापरतात! मोडक्या छत्रीची. त्यांनी ती पिशवीतून काढून माझ्या हातात दिली. मी त्यांना माझ्या साडीचा पदर उलटा करून दाखवला. त्यांनी तो दोन बोटांत धरला, नखाने जोड चाचपला आणि लेकीला विचारलं, 'किती दिवस?' दीड महिना, वडिलांनी विणलेली आहे, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. भाव नाही विचारला.

दुसऱ्या शैलीही इथे आहेत. टू ग्रे हिल्स म्हणजे रंग न देता, काळ्या-तपकिरी-पांढऱ्या मेंढीचीच लोकर पिंजून करडे करायचे, अतिशय बारीक काम. इंचाला 80 पेक्षा जास्त बाणा बसला तर त्याला गालिचा न म्हणता टॅपेस्ट्री म्हणतात. त्यातल्या डेझी टोगेलची या विणकर बाईंचं काम अमेरिकेच्या टपाल तिकिटावर आलंय, 2004 मध्ये. टीक नॉस पॉसचे फार भरगच्च, मला डोळ्यांना त्रास झाला. वाइड रुइन्सचे झाडपाल्याच्या रंगांतले, फिक्कट पिवळे, मातकट, ते मात्र सुरेख.

किमती? दोन हातांवर मावेल असा तुकडा शेकड्यांत, खोलीभर गालिचा हजारोंत, डॉलर. मी सवयीने तोंड उघडलं, लेकीने दंडाला चिमटा काढला: 'आई, इथे घासाघीस नाही.' मेंढी पाळण्यापासून कातण्यापर्यंतचे महिने धरले तर महाग म्हणवत नाही, पण पेन्शनवर जगणारीने घ्यायचा म्हणजे दोनदा चहा प्यावा लागला. शेवटी दीड बाय दोन फुटांचा गनाडो लाल घेतला, 380 डॉलर. तिरकी रेघ आहे तोच.

घेताना चिठ्ठी वाचली. प्रत्येक गालिच्याला दोऱ्याने बांधलेली असते: शैली, माप, किंमत आणि विणणाऱ्या बाईचं नाव, गाव. मी ती चिठ्ठी कापू दिली नाही. माझ्या वडिलांनी अडतीस वर्षं विणलं. त्या पैठण्या कुठल्या कुठल्या शहरांत गेल्या, प्रत्येकीवर दुकानाचं नाव होतं.

जाणाऱ्यांना आणखी दोन गोष्टी. गनाडोपर्यंत गेलातच तर तासाभरावर कॅनयन डी शे आहे, तिथे स्पायडर रॉक हा सुळका बघा. नवाहोंना विणणं शिकवणारी स्पायडर वुमन, म्हणजे जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या रूपातली देवी, त्याच्यावर राहते असं ते मानतात. आणि नवाहो नेशनमध्ये दारू मिळत नाही, बाळगूही नका. मटणाचा रस्सा आणि तळलेली पोळी खा, मीठ वरून लागेल.

छोटा लाल गालिचा आता लेकीच्या भिंतीवर आहे, चिठ्ठीसकट. जावई जुना टाकून द्यायला निघाले होते. मी नाही टाकू दिला. तोही मी पुन्हा उलटा करून नीट बघितला: हातानेच विणलाय, भारतात कुणीतरी मागावर बसून, आणि जोड वाईट नाहीत. धुऊन देवघरापुढे घातलाय. सकाळी पूजेला मी त्यावरच बसते.