वाडा विकताना दलाली: टक्का, उक्ती की "वरचं आमचं"?

आर्वी तालुक्यातला आमचा वाडा विकायचं ठरलं तेव्हा घरात एकाच गोष्टीवर चर्चा चालायची. दलाल दोन टक्के मागतो, तो एकावर येईल का? पुण्याचा भाऊ रोज रात्री फोन करून तेवढंच विचारायचा. मी चार दलालांसोबत बसलो, चहा पाजला, त्यांच्या अंगणात चहा प्यालो. टक्का कमी करून घेणं सगळ्यात सोपं निघालं, तिसऱ्या बैठकीतच दलाल एकावर आला. पण तोवर मला कळून चुकलं होतं की दीड-दोन लाखांच्या टक्क्यावर आम्ही भांडतोय आणि आठ-दहा लाख भलत्याच दारानं जाऊ शकतात.

गावात वीस लाखांचं घर असेल तर गिऱ्हाईक गावातच असतं. शेजारी घेतो, चुलत भाऊ घेतो, नाहीतर नोकरीवाला मास्तर घेतो. कोटीच्या घराचं तसं नाही. चौकातला वाडा असो, वरूड-काटोलकडे संत्र्याच्या बागेला लागून बांधलेला बंगला असो की ताडोबाच्या मोहर्ली गेटच्या वाटेवरचं घर असो, घेणारी माणसं तालुक्यात बोटावर मोजण्याइतकी. विरूळजवळ समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज झाल्यापासून आमच्याकडे नागपूरच्या गाड्या थांबू लागल्या, पण त्या गाडीतल्या माणसाचा नंबर आपल्याकडे नसतो. तो दलालाकडे असतो, आणि दलाली द्यायची ती त्या नंबरासाठी.

कापूस बाजार समितीत नेला की अडत, हमाली, मापाई ठरलेली असते. घराच्या दलालीला तसा सरकारी दर नाही. रिवाज म्हणून विकणाऱ्याकडून एक ते दोन टक्के, घेणाऱ्याकडूनही तेवढेच. काही जण महारेराच्या, म्हणजे राज्याच्या घरबांधणी नियामक प्राधिकरणाच्या, नोंदणीचा कागद दाखवून "आमचा रेट फिक्स आहे" म्हणतात. ती नोंदणी रेराखाली नोंदलेल्या प्रकल्पातले फ्लॅट-प्लॉट विकण्यासाठी लागते, तिच्यात दलालीचा दर ठरवून दिलेला नसतो. गावठाणातलं जुनं घर विकून देणाऱ्याकडे ती नसेल तर तेवढ्यावरून तो खोटा ठरत नाही, आणि असेल तर तेवढ्यावरून महागही होऊ नये.

चार तऱ्हा, एकाच वाड्यावर

समजा वाड्याची खरी किंमत एक कोटी ते एक कोटी वीस लाखांच्या मधे कुठेतरी आहे. समोर चार पर्याय येतात: सरळ दोन टक्के, भांडून आणलेला एक टक्का, उक्ती रक्कम (आमच्या बोलण्यात सव्वा लाख निघाली होती), आणि टप्प्याची दलाली, म्हणजे एक कोटीपर्यंत एक टक्का व त्याच्या वर जे मिळेल त्यावर आठ टक्के.

| विक्री किंमत | २ टक्के | १ टक्का | उक्ती | टप्प्याची |
|---|---|---|---|---|
| १ कोटी | २,००,००० | १,००,००० | १,२५,००० | १,००,००० |
| १.१० कोटी | २,२०,००० | १,१०,००० | १,२५,००० | १,८०,००० |
| १.२० कोटी | २,४०,००० | १,२०,००० | १,२५,००० | २,६०,००० |

तक्ता आडवा नका वाचू, उभा वाचा. भाव १.१० वरून १.२० वर गेला तर तुम्हाला दहा लाख जास्त मिळतात. दलालाला? दोन टक्क्यांत वीस हजार, एका टक्क्यात दहा हजार, उक्तीत शून्य. दहा हजारांसाठी तो आणखी दोन महिने का थांबेल, आणखी चार गिऱ्हाइकं का आणेल? तो तुम्हालाच समजावेल, "काकाजी, आलेलं गिऱ्हाईक सोडू नका, मार्केट डाऊन आहे." तो वाईट माणूस असतो असं नाही, त्याचा हिशेबच तसा बसवलेला असतो. टप्प्याच्या दलालीत मात्र त्याच दहा लाखांमागे त्याला ऐंशी हजार सुटतात.

आम्ही टप्प्याची घेतली. पुण्याच्या भावाला आठ टक्के ऐकूनच घाम फुटला. पण १.२० ला विकून २.६० लाख दिले तरी हातात एक कोटी सतरा लाख चाळीस हजार उरतात, आणि १.१० ला विकून एक टक्का दिला तर एक कोटी आठ लाख नव्वद हजार. करार झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात दलाल स्वतः येऊन म्हणाला, "मागच्या अंगणातला तो कडब्याचा ढीग आणि तुटकी बंडी हटवा, आणि बाहेरून एक हात चुना मारून घ्या." एका टक्क्यावाल्यांपैकी कोणालाही ती बंडी दिसली नव्हती.

यातली खरी मेख म्हणजे टप्पा कुठे ठेवायचा. दलाल तो खाली ओढणार, ऐंशी लाखांवर, म्हणजे जे आपोआप मिळालं असतं त्यावरही त्याला आठ टक्के. म्हणून बोलणीला बसायच्या आधी गावातल्या आणि शेजारच्या दोन गावांतल्या अलीकडच्या रजिस्ट्र्यांचे आकडे काढा. सरकारी रेडीरेकनरचा दर (मुद्रांक शुल्कासाठी सरकार धरतं तो) हा आधार होतो, भाव नाही. टप्पा अशा ठिकाणी ठेवा की जिथवर आपण स्वतःही पोचलो असतो.

मग उक्ती कोणी घ्यावी? गिऱ्हाईक ठरलेलं आहे, भाव ठरलेला आहे, फक्त कागद जमवायचे आहेत, त्याने. दलाल त्या वेळी मध्यस्थ कमी आणि कारकून जास्त असतो, आणि ते काम आमच्याकडे लहान नाही. गावठाणातल्या जुन्या वाड्याला ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो, भूमी अभिलेखची आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) असतेच असं नाही, आणि असली तरी तिच्यावर आजोबांचं नाव असतं. वारसांची नोंद, बहिणींच्या सह्या, मोजणी, सगळं दार ठोठावून करावं लागतं. या कामाचे पैसे वेगळे आणि उक्ते ठरवा. टक्क्यात मिसळले की तोही विसरतो आणि तुम्हीही.

"तुमच्या हातात एक कोटी, वरचं आमचं"

सगळ्यात गोड प्रस्ताव हाच. दलाली शून्य. तुम्ही तुमचा आकडा सांगा, त्याच्या वर तो कितीही आणेल ते त्याचं. आमच्या मामाला हे फार पटलं होतं: "आपल्याले आपला पैसा भेटला म्हंजे झालं, वरचं त्याचं नशीब."

आता त्याने घर एक कोटी पंधरा लाखांना विकलं असं धरा. रजिस्ट्री एक पंधराची झाली तर आयकराच्या नजरेत ते पंधरा लाखही तुम्हालाच मिळाले. सध्याच्या १२.५ टक्के दराने दीर्घ मुदतीच्या नफ्यावरचा त्याचा कर १,८७,५०० रुपये होतो, तुम्ही न पाहिलेल्या पैशावर. दलालाने पंधरा लाखांची रीतसर पावती दिली तर ते वजा मागता येतात, पण अशी पावती द्यायची त्याची तयारी असती तर त्याने हा प्रस्तावच आणला नसता. आणि रजिस्ट्री एका कोटीची, वरचे पंधरा रोख, असं ठरलं तर घर-जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही. विक्रीपत्रावर सही तुमची, त्याची नाही.

त्याचाच मोठा भाऊ म्हणजे इसारवाला. हा दलाल म्हणवत नाही, "मीच घेतो" म्हणतो. दोन लाख इसार देतो, सहा महिन्यांची मुदत घेतो, आणि इसारचिठ्ठीत एक ओळ घालतो: विक्रीपत्र माझ्या किंवा मी सांगेन त्याच्या नावे करून द्यावं. मग सहा महिने तो तुमचं घर तुमच्यापेक्षा चढ्या भावात दाखवत फिरतो. गिऱ्हाईक मिळालं तर मधला फरक त्याचा, नाही मिळालं तर मुदत वाढवा म्हणून दारात. तोवर दुसऱ्याला घर दाखवायची सोय नाही. ती ओळ दिसली की उठून या. मुखत्यारपत्र मागणाऱ्यालाही तोच नमस्कार.

एकालाच द्यावं की सगळ्यांना सांगावं?

गावात सगळ्यांना सांगायची पद्धत आहे, आणि तिचा फायदा वाटतो तेवढा नाही. पाच जणांना सांगितलं की एकच नागपूरचा माणूस तिघांकडून तीन भाव ऐकतो आणि सगळ्यात खालच्या भावापासून बोलायला लागतो. शिवाय सौदा झाल्यावर गावचा, तालुक्याचा आणि नागपूरचा असे तिघे "गिऱ्हाईक माझंच होतं" म्हणत पायऱ्यांवर बसतात. सगळ्यांना सांगायचंच असेल तर एक वही ठेवा: कोणी, कोणत्या तारखेला, कोणाला आणलं. त्या दलालाची सही त्यापुढे घ्या. वही साधी आहे, पण भांडण तिथेच संपतं.

एकालाच द्यायचं तर मुदत ठेवा, तीन महिने पुरे. आणि ते तीन महिने कोणते हेही बघा. पितृपक्षात इसार कोणी करत नाही, भर पावसात चिखल तुडवत वाडा बघायला कोणी येत नाही. दलालाने जुलैत तीन महिने मागितले तर तो प्रत्यक्षात वाट बघायचे पैसे मागतोय. दिवाळीनंतर कापूस-सोयाबीनचा पैसा हातात येतो, शहरवाल्यांनाही सुट्या असतात. करार तेव्हापासून सुरू करा. आणि तुमचा सख्खा नातेवाईक किंवा शेजारी स्वतःहून घ्यायला आला तर दलाली नाही, हे आधीच लिहून घ्या. आमच्याकडे ही एक ओळ राहून गेली होती. सुदैवाने शेजाऱ्याचं जमलं नाही, म्हणून वाचलो.

गावचा दलाल की नागपूरचा, याचं माझं उत्तर घरावर अवलंबून आहे. गावात घेणारा संभवत असेल तर गावचाच. त्याला कोणत्या घरात लग्न ठरलं, कोणाला कोळशाच्या खाणीचा मोबदला आला हे माहीत असतं. घेणारा बाहेरून येणार असेल तर नागपूर किंवा अमरावतीचा, पण त्याला आधी एक प्रश्न विचारा: वाड्यामागची दीड एकर शेती कोण घेऊ शकतो? विदर्भाला कूळवहिवाटीचा वेगळा, १९५८ चा कायदा आहे, आणि त्यानुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकता येत नाही. शहरातला दलाल हे न विचारताच डॉक्टर-इंजिनिअरांना घेऊन येतो, दोन महिने बोलणी होते, आणि सातबारा पाहिल्यावर सगळं पाण्यात. पहिल्याच भेटीत ज्याने "गिऱ्हाईक शेतकरी आहे का ते मी आधी बघतो" म्हटलं, त्याला मी अर्धा टक्का जास्त द्यायला तयार होईन.

त्याला हेही विचारा की घेणाऱ्याकडून तो किती घेतो. दोन्हीकडून घेणं इथे रिवाजच आहे, त्यात लाज नाही. पण तिकडून दोन टक्के मिळणार असतील तर तुमच्याकडचा टक्का कमी करायला तुम्हाला जागा आहे, आणि तो नुसता तुमचाच माणूस नाही हेही लक्षात राहतं. आपण खालचा आकडा किती धरलाय ते अशा दलालाला कधीच सांगू नका.

दलालाविना

गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर दलाल कशाला? वकिलाकडून मालकीच्या कागदांची तीस वर्षांची तपासणी (सर्च), पेपरात जाहीर नोटीस, विक्रीपत्राचा मसुदा, एवढं झालं की काम होतं. पण अनोळख्यांना घर दाखवायला, फोन उचलायला आणि भावावरून नाही म्हणायला घरात एक माणूस गावात राहणारा हवा. सगळी भावंडं पुण्या-मुंबईत असतील तर दलाली वाचवायला निघालेले लोक गाड्यांच्या तिकिटातच अर्धी घालवतात.

पैसे देताना

जीएसटी आत की बाहेर, हे आकडा ठरवतानाच विचारा. १.८० लाखांवर १८ टक्के म्हणजे ३२,४०० रुपये. वर्षाला वीस लाखांच्या आत कमाई असलेल्या दलालाला नोंदणी बंधनकारक नाही, आणि नोंदणी नसेल तर तो जीएसटी लावूच शकत नाही. नंबर मागा.

दलाली बँकेतूनच द्या आणि नाव, पॅन, घराचं वर्णन असलेली पावती घ्या. विक्रीसाठी दिलेली दलाली भांडवली नफ्यातून वजा होते. दोन लाख दलालीवर साधारण पंचवीस हजारांचा कर वाचतो. "रोख द्या, दहा हजार कमी घेतो" म्हणणारा दलाल तुम्हाला पंधरा हजारांनी महाग पडतो.

पन्नास लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात घेणारा १ टक्का कापून सरकारकडे भरतो, तो टीडीएस आहे, दलाली नाही. आमच्या मामाने त्यावरून दलालाशी अर्धा तास वाद घातला होता. चार भावंडांत वाटून प्रत्येकाचा हिस्सा पन्नास लाखांच्या आत आला तरी १ ऑक्टोबर २०२४ पासून एकूण किंमतच धरली जाते, त्यामुळे तो कापला जाणारच. रिटर्न भरताना तो हिशेबात येतो.

आणि दलाली केव्हा द्यायची? दलाल इसाराच्या दिवशी पूर्ण मागतो. आम्ही इसाराला पाव हिस्सा दिला, बाकी रजिस्ट्री झाल्यावर आणि घेणाऱ्याचा शेवटचा पैसा खात्यात दिसल्यावर. तो कुरकुरला, "काकाजी, एवढा पण विश्वास नाही का आमच्यावर?" रजिस्ट्रीच्या दिवशी घेणाऱ्याच्या बँकेचा डीडी यायला संध्याकाळचे साडेचार वाजले. तोवर निबंधक कार्यालयाच्या ओट्यावर आमच्याआधी येऊन बसलेला, बँकेत तीनदा फोन लावणारा तोच होता.