चोवीस तास पशुवैद्यकीय सेवा, सात महिन्यांनंतर: पोटाला न लागलेला हात

आमच्या बंड्याला (पाच वर्षांचा, खच्ची केलेला बोका) या दवाखान्यात नोंदवलं त्याला सात महिने झाले. वर्षाची वर्गणी एकरकमी भरली, कारण रात्रीची तपासणी त्यात धरलेली होती आणि मला तेवढ्याचसाठी ती हवी होती. पहिले दोन महिने लस, जंताचं औषध, नखं यांच्यापुढे काम गेलं नाही. स्वच्छता चांगली, माणसं गोड बोलणारी. मी दोघा ओळखीच्यांना हाच दवाखाना सुचवला होता. ती शिफारस आता अर्धी मागे घेतो आहे.

तिसऱ्या महिन्यात एका रात्री अकराच्या सुमाराला बंड्या दर पाच मिनिटांनी वाळूच्या ट्रेत जाऊन बसायला लागला. कुंथायचा, तसाच बाहेर यायचा, मागचा भाग चाटत राहायचा. मधूनच कधी न ऐकलेला, खोल घशातला आवाज काढायचा. फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, "शी अडकली असेल, सकाळी आणा." मला राहवेना, मी त्याला पिंजऱ्यात घालून नेलाच.

काउंटरवर आधी अनामत, मग फॉर्म, मग बाकावर एक तास पन्नास मिनिटं. मध्ये गाडीची धडक बसलेला कुत्रा आला, त्याला आधी आत घेतलं. ते योग्यच होतं, त्या थांबण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आत गेल्यानंतरच्या चार मिनिटांची. डॉक्टरांनी ताप बघितला. दुपारपासून शी दिसली नाही असं मी म्हणालो, ते लिहून घेतलं. एनिमा दिला आणि घरी पाठवलं. त्या चार मिनिटांत बंड्याच्या पोटाला कोणाचा हात लागला नाही. लघवी होते आहे का, हेही कोणी विचारलं नाही.

बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी फार अरुंद असतो. बारीक खडे, कण आणि चिकट स्राव यांचं बूच तिथे बसलं की लघवी तुंबते. मांजरीत हे क्वचित होतं, बोक्यात नेहमीचं आहे. बाहेरून दिसतं ते फक्त कुंथणं, म्हणून घरच्या माणसाला बद्धकोष्ठ वाटतं. मलाही तेच वाटलं होतं. पण तुंबलेलं मूत्राशय खालच्या पोटात टणक चेंडूसारखं हाताला लागतं. त्याला ना यंत्र लागतं ना रक्ताची चाचणी. जेमतेम दहा सेकंदांचं काम. (घरी कोणी जोर लावून दाबून बघू नका, ताणलेलं मूत्राशय फुटू शकतं. हे काम डॉक्टरांचंच.)

पहाटे त्याला उलट्या सुरू झाल्या. सहा वाजता कान गार पडले होते आणि तो मान वर करेना. पुन्हा तोच दवाखाना, पण पाळी बदललेली. या डॉक्टरांनी टेबलावर ठेवल्या ठेवल्या पोटाखाली हात घातला आणि म्हणाल्या, "हा ब्लॉक झालाय." पुढचं सगळं भराभर झालं. लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदयाची गती मंदावते. मांजराचे ठोके दवाखान्यात मिनिटाला 160 ते 200 च्या आसपास असतात. बंड्याचे 96 होते. हृदय सांभाळायला कॅल्शियम, सलाईन, मग गुंगी देऊन कॅथेटर (लघवी काढायची नळी). तीन दिवस तो तिथेच होता. एक ते तीन दिवसांत यात जीव जातो, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं.

बिलात रात्रीच्या एनिमाचे पैसे पूर्ण लावलेले होते. बाकीच्या मोठ्या रकमेबद्दल मी एक शब्द काढला नाही, कारण त्या कामाने तो वाचला. पण चुकीच्या आजारावरच्या, ज्याने चार-पाच तास फुकट गेले त्या उपचाराचे पैसे मी का भरायचे? दोन महिने मेल, फोन, खेपा. शेवटी पुढच्या भेटीत वळते करू म्हणाले. मी रोखच मागितले आणि घेतले. रक्कम किरकोळ होती, तरी ती सोडायला मी तयार नव्हतो.

इथपर्यंतचं मी पूर्वीच लिहून ठेवलं होतं आणि त्यात रात्रीच्या डॉक्टरांवर बराच राग काढला होता. तो आता कमी केला आहे. नंतर कळलं की रात्री तिथे एकच डॉक्टर असतात. आत दाखल असलेली जनावरं, बाहेरून येणारी आणि तो अपघाताचा कुत्रा, सगळं त्यांच्याच अंगावर होतं. ते स्वतः येऊन भेटले, चूक कबूल केली. ते वयाने लहान आहेत, पुन्हा असं करणार नाहीत असं मला वाटतं. पण रात्री एकाच माणसावर सगळं टाकणाऱ्या व्यवस्थापनाबद्दल माझं मत तेच आहे.

सहाव्या महिन्यात बंड्याला पुन्हा त्रास झाला. लघवीत स्ट्रुव्हाइट नावाच्या क्षाराचे कण सापडले होते, म्हणून ते विरघळवणारं खास खाणं आणि भरपूर पाणी चालू होतं, तरी झाला. एकदा अडकलेला बोका पुन्हा अडकू शकतो, हे सांगून ठेवलेलंच होतं. या वेळी मी फोनवर एवढंच म्हणालो, "बोका आहे, आधी ब्लॉक झाला होता, सकाळपासून थेंब नाही." पोचल्यावर दहाव्या मिनिटाला तो टेबलावर होता आणि दुसऱ्या दिवशी घरी. तेच रात्रीचे डॉक्टर होते, आणि पहिला हात पोटालाच गेला.

याने मला बरं वाटलं, तितकाच त्रासही झाला. नेमके शब्द मला ठाऊक झाले म्हणून दार लगेच उघडलं. ज्यांना ते ठाऊक नाहीत त्यांना फोनवरच्या माणसाने दोन प्रश्न विचारायला हवेत: नर की मादी, आणि लघवी होते आहे का.

वर्गणीच्या नूतनीकरणाचा मेसेज आत्ताच, पाच महिने आधी, सवलतीच्या नावाखाली आला आहे. मी पैसे भरलेले नाहीत. ते दोन प्रश्न फोनशेजारी लिहून लावले आहेत का, असं विचारून ठेवलं आहे. बंड्या आत्ता खिडकीत झोपला आहे. आज सकाळपासून ट्रेत लघवीचे तीन ओले गोळे मोजले.