'सीलपॅक' एस७-३०० सीपीयू घेताय? आधी हे वाचा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी मेंटेनन्स बघतो. सँड प्लांटच्या (साच्यांची वाळू तयार करणारा विभाग) पॅनेलमधला सीमेन्स एस७-३०० पीएलसीचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा, सीपीयू गेला. कंपनीने ही मालिका ऑक्टोबर २०२३ पासून बंद करायला घेतलीय. स्पेअर म्हणून २०३३ पर्यंत देणार आहेत, पण भाव आणि डिलिव्हरीची तारीख ऐकून मालकांनी हात वर केले. सँड प्लांट बंद म्हणजे मोल्डिंग बंद. आपली ही घाई ओळखूनच काही जणांचं दुकान चालतं.

मुंबईच्या एका ट्रेडरने ३१५-२डीपी मॉडेलचा सीपीयू "न्यू सरप्लस, सीलपॅक" (न वापरलेला, शिल्लक माल) म्हणून दिला. पैसे आधी, तेही पूर्ण. खोका कोरा, स्टिकर २एएच१४ या ऑर्डर नंबरचं. एमएमसी कार्ड (प्रोग्रामचं मेमरी कार्ड) घालून सप्लाय दिला तर एसएफचा, म्हणजे बिघाडाचा, लाल दिवा, आणि सीपीयू स्टॉपमधून हलेना. लॅपटॉप जोडून मॉड्यूल इन्फर्मेशन (सीपीयूची स्वतःची माहिती दाखवणारा स्क्रीन) उघडलं: ऑर्डर नंबर २एजी१०, मेमरी १२८ केबी. आम्हाला हवा होता २५६ चा. मग नीट उलटून पाहिला. पुढून थिनरने पुसून लख्ख केलेला, पण मागे बस कनेक्टरच्या खाचेत सिमेंटसारखी धूळ घट्ट बसलेली. कुठल्या प्लांटमधून उपटला होता देव जाणे!

फोनवर उत्तर मिळालं, "सील तुटलं, आता परत नाही." बिलावर नुसतं "इलेक्ट्रॉनिक पार्ट्स". पोलीस म्हणाले, माल मिळालाय ना, मग सिव्हिल मॅटर. ग्राहक आयोगाचंही अवघडच, कारण धंद्यासाठी घेतलेला माल २०१९ च्या कायद्यात सहसा बसत नाही.

फोटोवर जाऊ नका. व्हिडिओ कॉलवर सप्लाय देऊन मॉड्यूल इन्फर्मेशनमधला ऑर्डर नंबर दाखवायला लावा, कॅमेरा न थांबवता तिथूनच सिरियल नंबरवर आणायला सांगा, आणि तोच सिरियल बिलात लिहून घ्या. सरळ माणूस दाखवतो. पुण्याच्या एका रिपेअरवाल्याने आम्हाला "वापरलेला आहे" असं सांगूनच सीपीयू दिला, वॉरंटीसकट. तो चालतोय.

त्या ट्रेडरने आणखी एक डाव टाकला होता: "तुमचं एमएमसी कार्ड पाठवा, टेस्ट करून बदलून देतो." ते अजिबात करू नका. प्रोग्राम त्याच कार्डात असतो, आणि मशीनवाल्याने आम्हाला बॅकअप कधी दिलाच नव्हता. कार्ड गेलं असतं तर अस्सल सीपीयू आणूनही प्लांट उठला नसता. तुमच्याकडे बॅकअप नसेल तर मशीन चालू आहे तोवर घेऊन ठेवा.