सॉलिडवर्क्सची असेंब्ली इन्व्हेंटरमध्ये: सात महिन्यांच्या वापरानंतर

भोसरीतील आमच्या डिझाइन विभागात मशिनिंगची फिक्स्चर, म्हणजे यंत्रावर काम होताना भाग घट्ट धरणारी साधने, तयार होतात आणि सर्व काम इन्व्हेंटर या त्रिमितीय डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर चालते. ग्राहकांच्या असेंब्ली, म्हणजे अनेक पार्ट जोडून केलेली मॉडेल, मात्र बहुतांशी सॉलिडवर्क्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या असतात. गेले सात महिने त्या आम्ही दोन मार्गांनी घेत आहोत. एक स्टेप फाइलचा, म्हणजे बहुतेक डिझाइन सॉफ्टवेअरना वाचता येणाऱ्या सामाईक फाइलचा, आणि दुसरा एनीकॅडचा, म्हणजे इन्व्हेंटरच्या २०१६ च्या आवृत्तीपासून मिळणाऱ्या, मूळ फाइल थेट वाचणाऱ्या सोयीचा.

आकाराच्या बाबतीत दोन्ही मार्गांवर माझा विश्वास बसला आहे. पार्ट आपापल्या जागी येतात आणि सब-असेंब्लींची उतरंड टिकते. मेट (पार्ट एकमेकांना जोडणारी बंधने) आणि फीचर ट्री (पार्ट कोणत्या पायऱ्यांनी घडवला त्याची यादी) मात्र येत नाहीत. सॉलिडवर्क्सचा गाभा, म्हणजे आकाराचे गणित करणारा भाग, पॅरासॉलिडचा, इन्व्हेंटरचा शेपमॅनेजरचा. त्यामुळे घडलेला आकार पोहोचतो, तो कसा घडवला ते पोहोचत नाही. आमच्याकडे आलेला एक टॉगल क्लॅम्प (हँडलने उघडझाप होणारी पकड) बंद स्थितीत गोठूनच आला होता. तो उघडल्यावर हँडल कटरच्या वाटेत येते का, एवढेच पाहायचे होते, पण त्यासाठी प्रत्येक पिनला नव्याने जॉइंट द्यावा लागला आणि अर्धा दिवस गेला.

सर्वांत महाग पडली ती आट्यांची गोष्ट. सॉलिडवर्क्समध्ये आटे सहसा केवळ खूण म्हणून दाखवलेले असतात आणि स्टेपमधून ती खूण येत नाही. एका बेसप्लेटवरचे एम ८ चे, म्हणजे ८ मिमीच्या बोल्टसाठी आटे पाडायचे, आठ टॅप होल आमच्याकडे ६.८ मिमी व्यासाचे साधे होल म्हणून आले, मी ते तसेच ड्रॉइंगवर उतरवले, आणि जुळणीच्या वेळी फिटरने बोल्ट हातात धरून मला बोलावले, तेव्हा ती चूक कळली. चूक माझीच होती, कारण ६.८ हा एम ८ च्या टॅपचा, म्हणजे आटे पाडण्याआधी मारायचा, ड्रिल आहे, हे मला पाठ आहे.

वजनाकडेही लक्ष द्यावे. आमच्या टेम्प्लेटमध्ये आयात पार्टला जेनेरिक मटेरियल लागते, त्याची घनता १ ग्रॅम प्रति घन सेंमी धरलेली असते, आणि १५.७ किलोची पोलादी प्लेट २ किलोची दिसते. प्लेट उचलण्याचा कडीचा बोल्ट, म्हणजे आयबोल्ट, त्या आकड्यावर निवडला तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून मी आधी ग्राहकाच्या आकड्याशी घनफळ जुळवतो आणि मगच मटेरियल देतो.

ग्राहकाचे डिझाइन अजून बदलत असेल, तर एनीकॅडमधील रेफरन्स मॉडेल, म्हणजे मूळ फाइलशी दुवा ठेवणारी आयात, हाच माझ्या मते योग्य पर्याय आहे: त्याच नावाची सुधारित फाइल जुन्या जागी ठेवून अपडेट केले की आम्ही जोडलेले लोकेटर (भागाची जागा ठरवणारे तुकडे) बहुतेक वेळा जागेवर राहतात, तर स्टेप पुन्हा आयात केल्यास कन्स्ट्रेंट, म्हणजे इन्व्हेंटरमधील जोडणीची बंधने, नव्याने द्यावे लागतात. मात्र ग्राहकाची आवृत्ती आपल्यापेक्षा नवी असली, तर फाइल उघडेलच असे नाही, आणि तेव्हा स्टेपच कामी येते.

असेंब्लीची फाइल एकटी आली, तर तिचा उपयोग नसतो, कारण पार्ट वेगळ्या फाइलींत असतात. त्यामुळे मी आता पॅक अँड गोने, म्हणजे सर्व संबंधित फाइली एकत्र करणाऱ्या सॉलिडवर्क्समधील सोयीने, बांधलेले पूर्ण फोल्डर आणि आट्यांची नोंद असलेले ड्रॉइंग एकदमच मागवतो, आणि ड्रॉइंग हाती येईपर्यंत एकाही होलचे माप कारखान्यात पाठवत नाही.