लपायचं, पण कुणाच्या नियमाने?

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) किंवा पाथफाइंडर अशा, फासे टाकून पात्रं वठवायच्या खेळांत टेबलवर कुणीतरी ‘मी रोग खेळणार’ म्हणतं (आजार नव्हे, चोरपावलांचा गडी, आमच्या आईला हे अजून पटलेलं नाही) आणि पहिल्याच तासाभरात वाद पेटतो: ‘मी लपलो होतो ना, मग दिसलो कसा?’ हा वाद तुमच्या टेबलला कुठल्या जागी परवडेल, ते बघून नियमपुस्तक निवडावं असं माझं मत आहे. वर्ग, मंत्र, राक्षस सगळीकडे ढिगाने आहेत.

एकच प्रसंग तीन नियमपुस्तकांना लावून बघू: डी अँड डीची 2014 आणि 2024 ची, आणि पाथफाइंडरचं. तळघर, भिंतीवर मशाल, पोत्यांची उंच थप्पी आणि तिच्यामागे पहिल्या पातळीचा रोग. पलीकडे पहाऱ्यावर गॉब्लिन, म्हणजे बुटका राक्षस. स्टेल्थचा, म्हणजे लपण्याच्या कौशल्याचा, फाशात मिळवायचा बोनस +7. डी अँड डी असो वा पाथफाइंडर, पहिल्या पातळीला तो सहज जमतो. वीस बाजूंच्या फाशावर पडले 5. बेरीज 12.

2014 च्या डी अँड डी पाचव्या आवृत्तीत ही बेरीज गॉब्लिनच्या पॅसिव्ह पर्सेप्शनशी (फासा न टाकता धरलेल्या त्याच्या सावधपणाच्या आकड्याशी) भिडते, आणि ते आहे फक्त 9. लपलात. त्याच्या जागी प्रौढ लाल ड्रॅगन असता तर त्याचे 23 ओलांडावे लागले असते. म्हणजे आकडा समोरच्याला बघून ठरतो, आणि हे मला फार आवडतं. गोची वेगळीच आहे. स्वच्छ दिसत असाल तर लपता येत नाही एवढं सांगून पुस्तक बाकीचं डीएमवर, म्हणजे खेळ चालवणाऱ्यावर, सोडतं. थप्पीमागून डोकं काढून बाण मारला तर अजून लपलेलेच का? एक डीएम हो म्हणेल, दुसरा नाही, आणि दोघांनाही पुस्तकात आधार सापडेल.

2024 च्या सुधारित आवृत्तीने इथे चुन्याची रेघ मारली. शत्रूच्या नजरेबाहेर असा, तीन-चतुर्थांश किंवा पूर्ण आडोसा नाहीतर दाट अंधार-धुकं असू द्या, आणि मग किमान 15 आणा. आपले 12 गेले वाया. गॉब्लिन पेंगत असला तरी 15, तरबेज असला तरी 15. जमलं तर ‘इन्व्हिजिबल’ ही अवस्था मिळते. कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केला, हल्ल्याचा फासा टाकला, तोंडाने मंत्र म्हटला किंवा शत्रूने शोधून काढलं की ती जाते. आता सांगा, मशालीच्या उजेडात गॉब्लिनच्या नाकासमोरून चालत गेलात तर त्याने ‘शोधलं’ म्हणायचं का? माझ्या मते अर्थातच हो, पण शब्दाला शब्द लावणारा खेळाडू असला की अर्धा तास गेला. वाद आधी लपण्याच्या सुरुवातीला होता, तो शेवटाकडे सरकला, इतकंच.

2019 ची पाथफाइंडर दुसरी आवृत्ती याचं उत्तर थेट लपंडावातून दिल्यासारखी देते. गॉब्लिन वॉरियरविरुद्ध 12 हवेत, आपले बरोब्बर 12, म्हणजे यश. पण अजून तुम्ही फक्त ‘हिडन’. ज्याच्यावर राज्य आहे त्याला खांबामागे कुणीतरी आहे हे ठाऊक आहे, दिसत मात्र नाही. त्याने वार केलाच तर आधी साध्या फाशावर 11 किंवा जास्त हवेत. मग अर्ध्या वेगाने दुसऱ्या आडोशाकडे सरका, पुन्हा फासा, आणि जमलं तर ‘अनडिटेक्टेड’: आता कुठल्या चौकोनात आहात याचा त्याला अंदाज बांधावा लागतो. त्याला तुमचा पत्ताच नसेल तर ‘अननोटिस्ड’. शिवाय हे फासे जीएम (पाथफाइंडरमध्ये डीएमला जीएम म्हणतात) गुपचूप टाकतो. आमच्या टेबलवर एक जण पडद्यामागचा फासा ऐकून अक्षरशः श्वास धरून बसायचा. दुसरीला मात्र ‘माझा फासा मी टाकणार’ म्हणून ते कधीच रुचलं नाही.

जुन्या वळणाचं खुणावत असेल तर 1978 च्या अॅडव्हान्स्ड डी अँड डीमधला पहिल्या पातळीचा चोर बघा: निःशब्द चालणं 15 टक्के, सावलीत लपणं 10 टक्के. दोन्ही एकदम साधायची शक्यता दीड टक्का. हौसेला मोल नाही.

खरी पंचाईत टोळीची असते. चौघांपैकी प्रत्येकाला 60 टक्के शक्यता असली आणि एकही चुकून चालणार नसेल, तर सगळे सुखरूप निसटण्याची शक्यता जेमतेम 13 टक्के. 2014 च्या नियमांत गटाची चाचणी घेता येते: निम्मे पास तर सगळे पास. वर ‘पास विदाउट ट्रेस’ मंत्राचे +10 मिळाले की पहारेकऱ्यांचं काही खरं नाही. पाथफाइंडरमध्ये तरबेज गड्यामागे चालून त्याचा फायदा घेता येतो, पण त्याची तयारी आधीच करावी लागते.

आणि फक्त स्नीक अटॅकसाठी, म्हणजे रोगच्या जादा इजा करणाऱ्या वारासाठी, लपायचं असेल तर थांबा. पाचव्या आवृत्तीत तुमचा साथीदार शत्रूपासून पाच फुटांत असला तरी बहुतेक वेळा तो मिळतो. पाथफाइंडरमध्ये दोन बाजूंनी घेरलं की झालं.

नकाशा, चौकोन, मोहऱ्या मांडून खेळत असाल तर डोळे मिटून पाथफाइंडर घ्या. नकाशाशिवाय, गप्पांच्या ओघात खेळत असाल आणि डीएमवर भरवसा असेल तर 2014. डीएम नवखा असेल तर 2024, पण ‘शोधलं’ म्हणजे काय हे पहिल्या दिवशीच ठरवून टाका. आणि साखळीचं चिलखत घातलेला पॅलाडिन (धर्मयोद्धा) सोबत असेल, तर डी अँड डीमध्ये त्याला ते उतरवायला पाच मिनिटं लागतात, हे दाराशी पोचण्याआधी लक्षात असू द्या.